उंचीचा हट्ट सोडा, पाट्यांकडे बघा

जुनी फोर-व्हील पिकअप हाती आली की तिचं ऑफ-रोड सस्पेन्शन कसं बांधायचं, याचं एक ठरलेलं उत्तर आपल्याकडे रुजलं आहे. गाडी चार-सहा इंच वर उचलायची, मूळचे पाटे भंगारात टाकायचे, जमल्यास कॉइल स्प्रिंग बसवायची आणि खाली मावतील तेवढे मोठे टायर घालायचे. वर दिलासा असा की जुन्या गाडीची चॅसिस दणकट असते, ती काहीही सोसते. आणि आरटीओवाले सायलेन्सर आणि दिवे बघतात, पाटे मोजत नाहीत. हे उत्तर गॅरेजवाले देतात, स्पर्धांना जाणारे अनुभवी चालक देतात, आणि नवखा माणूस ते प्रमाण मानून साठवलेले पैसे मोजतो. हे उत्तर मुळातच चुकीचं आहे. त्याने गाडी डोंगरात कमी चालते, डांबरी रस्त्यावर जास्त धोकादायक होते, आणि नीट बांधली असती तर आणखी वीस वर्षं चालली असती अशी गाडी वाया जाते.

मी बोलतोय ते जीपच्या घराण्यातल्या पिकअपबद्दल. पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांवर पाटे, शिडीसारखी चॅसिस आणि मागे मालाचा हौदा. सह्याद्रीतल्या गावांमध्ये, कोकणातल्या बागांमध्ये अशा गाड्या अजून राबताहेत, आणि शहरातले हौशी लोक त्या शोधून विकत घेताहेत. त्यांनी घ्याव्यातच. जुन्या गाडीवर स्वतः विचार करून सस्पेन्शन बांधण्यासारखं शहाणं करणारं काम दुसरं नाही. म्हणूनच ते चुकीच्या टोकापासून सुरू होताना बघवत नाही.

पहिला मुद्दा उंचीचा. गाडी उचलली की खडकाला पोट घासत नाही, असं सांगतात. पण घासतं काय ते गाडीखाली वाकून बघा. अखंड ॲक्सलच्या गाडीत जमिनीच्या सर्वांत जवळ असतो तो डिफरन्शलचा गोळा. तो ॲक्सलचाच भाग आहे आणि ॲक्सल चाकांवर टेकलेला आहे. पाट्यांची कमान वाढवा, लांब शॅकल लावा, ठोकळे घाला, चॅसिस आणि बॉडी वर जाईल. डिफरन्शल होता तिथेच राहील. त्याला वर न्यायचा मार्ग एकच, टायरचा व्यास. 29 इंची टायर काढून 31 इंची घातला तर डिफरन्शलखाली एक इंच जागा वाढते. सहा इंचांची लिफ्ट एकटी केली तर तिथे शून्य इंच वाढते. लिफ्टमुळे पुढच्या बंपरखालचा चढाईचा कोन सुधारतो, गाडीचं मधलं पोट दगडाला कमी लागतं, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण ज्या दगडावर ॲक्सल अडकतो त्या दगडावर उंच गाडीही तशीच अडकते.

यावर उत्तर येतं की मोठा टायर बसवायला तरी लिफ्ट लागतेच. नाही, मडगार्ड कापायला लागतं. आइसलँडमध्ये बर्फावर चालणाऱ्या गाड्या बांधणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. आर्क्टिक ट्रक्ससारख्या तिथल्या बांधणाऱ्यांच्या 38 इंची टायरवाल्या टोयोटा हायलक्स बघा. चाकाची कमान रुंद कापलेली असते, वर चौडे फ्लेअर लावलेले असतात, आणि एवढ्या प्रचंड टायरच्या मानाने गाडी आश्चर्य वाटावं इतकी खाली बसलेली असते. ताज्या बर्फात ते टायरमधली हवा तीन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात. बर्फाळ उतारावर उंचीची किंमत काय पडते हे त्यांना रोजच्या वापरातून कळलेलं आहे.

ती किंमत आकड्यांत मांडू. गाडी आडव्या उतारावर कुठवर उभी राहील हे दोन गोष्टींवर ठरतं: दोन चाकांमधलं अंतर आणि वजनाच्या मध्यबिंदूची उंची. समजा चाकांमधलं अंतर 140 सेंटिमीटर आहे आणि वजनाचा मध्य 75 सेंटिमीटरवर. कागदावर ही गाडी साधारण 43 अंशांना कलंडते. चार इंच लिफ्ट केली. ॲक्सल आणि चाकं खालीच राहिली म्हणून मध्यबिंदू पूर्ण चार इंच चढत नाही, आठ सेंटिमीटर चढला असं धरू. आता ती 40 अंशांनाच जाते. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात. पण हा हिशेब स्थिर उभ्या गाडीचा आहे, तिचे पाटे दबत नाहीत आणि टायर चेपत नाहीत असं गृहीत धरून केलेला. खऱ्या उतारावर खालच्या बाजूचे पाटे दबतात, टायर चेपतो, हौद्यातला माल सरकतो, आणि तीस अंशांच्या आडव्या वाटेवर जे दहा-बारा अंश हाताशी होते ते बघता बघता संपतात. हायवेवर प्रश्न आणखी गंभीर आहे. अचानक म्हैस आडवी आली आणि स्टेअरिंग मारलं, तर ठेंगणी गाडी आधी घसरते. घसरलेली गाडी सावरता येते. उंच गाडीत टायर घसरण्याआधी गाडी उलटण्याची शक्यता वाढते. ज्या रस्त्याने तुम्ही डोंगरापर्यंत जाता, त्या रस्त्यावर बायको-मुलं शेजारी बसलेली असतात.

उंचीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत मोठा दोष मात्र वेगळाच आहे. ऑफ-रोडवर गाडी पुढे का जाते, हेच ते विसरतात. साधं डिफरन्शल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरवायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. गाडी जागेवर घों-घों करत उभी राहते. तेव्हा सस्पेन्शनचं पहिलं काम एकच: खड्डा येईल तिथे चाक खाली उतरून जमिनीला टेकलं पाहिजे, आणि टेकून त्यावर थोडं तरी वजन राहिलं पाहिजे. चाकाची ही खालची चाल कुठून येते? गाडीच्या वजनाने पाटा जेवढा दबलेला आहे, तेवढाच तो वजन निघाल्यावर जोराने खाली येऊ शकतो. पुढच्या एका पाटा सेटवर 400 किलो वजन आहे आणि सेट दर सेंटिमीटरला 80 किलो घेतो असं धरा. तो पाच सेंटिमीटर दबून बसला आहे. खाली ढकलायला त्याच्याकडे तेवढेच पाच सेंटिमीटर आहेत. तोच सेट अर्धा मऊ केला तर दहा सेंटिमीटर मिळतात.

आता बाजारातला लिफ्टचा पाटा बघा. कमान जास्त, पाने जाड, सेट कडक. रिकाम्या गाडीखाली तो जवळपास आपल्या मोकळ्या आकारातच उभा असतो. त्याने गाडी वर दिसते, पण चाकाची खालची चाल गेली. टॉर्शन बारवाल्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपमध्ये तर हे आणखी उघड दिसतं. बोल्ट पिळून पुढचा भाग वर उचलला की आर्म खाली झुकतात, खालची सगळी चाल उंचीवर खर्च होते आणि पहिल्याच खड्ड्यावर चाक हवेत राहतं. टोयोटाने 1986 च्या मॉडेलपासून आपल्या फोर-व्हील पिकअपचा पुढचा अखंड ॲक्सल काढून टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. अमेरिकेतले कित्येक हौशी लोक आजही 1979 ते 1985 मधल्या ॲक्सलचं हाउसिंग शोधून नव्या गाडीखाली परत बसवतात. एवढा खटाटोप ते करतात तो चाकांच्या चालीसाठी. त्यांच्यातल्या जाणत्यांची गाडी ओळखायची खूण हीच, की ती उभी असताना फार उंच दिसत नाही आणि दगडावर चढली की चारही चाकं खाली असतात.

दुसरा दावा: पाटे जुनाट झाले, कॉइल घाला. या दाव्यात तथ्य आहे तेवढं आधी मान्य करतो. 1970 साली रेंज रोव्हर चारही चाकांना कॉइल घेऊन आली आणि अखंड ॲक्सलवरही चाल लांब आणि बसणं मऊ असू शकतं हे तिने दाखवून दिलं. बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी शर्यती 1967 पासून चालू आहेत. तिथल्या आजच्या सर्वांत वेगवान ट्रकच्या मागच्या चाकांची चाल तीन फुटांच्या घरात असते आणि ती पाट्यांनी मिळत नाही. हे सगळं खरं. पण त्यातून जुन्या पिकअपबद्दल काय सिद्ध होतं?

पाटा दोन कामं करतो. तो वजन झेलतो आणि ॲक्सल जागेवर धरतो. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, ब्रेक मारताना आणि जोर देताना ॲक्सल कुठे असावा हे पाटाच ठरवतो. कॉइलला यातलं दुसरं काम येत नाही. म्हणून कॉइल घातली की चार लिंक लागतात, आडवा पॅनहार्ड रॉड लागतो, त्यांच्या प्रत्येक टोकाला ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला वेल्डिंग. लिंकची लांबी आणि कोन दोन सेंटिमीटरनी चुकले तर जोर देताना मागचा भाग उसळतो, वळणावर मागचा ॲक्सल आपणहून थोडा वळतो, आणि पॅनहार्ड रॉड ड्रॅग लिंकला समांतर नसला तर प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग हातात फिरतं. रेंज रोव्हरच्या मागे कारखान्याचं आरेखन खातं होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोजपट्टी, खडू आणि वेल्डरची नजर असते. अशा कॉइलपेक्षा नीट केलेला पाटा हजार पटीने बरा.

आणि पाटा संपला म्हणता, तर हे कसं? मारुती जिप्सीला तिच्या तीन दशकांहून मोठ्या आयुष्यात पुढे-मागे पाटेच होते. त्याच पाट्यांवर ती लष्करात राबली आणि हिमालयातल्या रॅलींमध्ये धावली. टोयोटा लँड क्रूझरची 70 मालिका 1984 पासून चालू आहे. तिच्या पिकअपला 1999 नंतर पुढे कॉइल आली, मागे पाटे राहिले. नवी हायलक्स मागे पाट्यांवरच उभी आहे. कारण पिकअपला माल न्यायचा असतो. रिकामा हौदा आणि भरलेला हौदा यांत शेकडो किलोंचा फरक पडतो, आणि मुख्य पाने मऊ ठेवून खाली जाड हेल्पर पाटा दिला की दोन्ही अवस्था सांभाळता येतात. रिकामी असताना हेल्पर अलिप्त राहतो, माल पडला की टेकतो. ही सोय इतकी साधी आणि इतकी टिकाऊ आहे की ती फेकून देण्याआधी माणसाने दहादा विचार करावा.

खरं काम या पाट्यांमध्येच आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून इथे थोडं थांबतो.

पाट्याचा कडकपणा पानाच्या जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या घनाने घटतो. लांबी पाचव्या हिश्श्याने वाढवली तर कडकपणा जवळपास 42 टक्क्यांनी उतरतो. म्हणून शहाणा बांधणारा आधी लांबी शोधतो: मागच्या टोकाचा हँगर सरकवता येईल का, दुसऱ्या गाडीचा लांब पाटा बसेल का, मागचे लांब पाटे पुढे आणता येतील का. जाडीचं गणित तर याहून बोलकं आहे. आठ मिलिमीटरच्या चार पानांचा सेट घ्या. तेवढाच भार घेणारा सेट सहा मिलिमीटरच्या पानांचा करायचा तर साधारण नऊ पाने लागतील. गठ्ठा जाड होईल, वजन वाढेल, पानापानांतलं घर्षणही वाढेल. त्यासाठी टोकांना नायलॉनच्या पट्ट्या द्याव्या लागतील. पण सारख्याच दबण्याला पातळ पानातला ताण तीन चतुर्थांशच असतो. म्हणजे पोलाद मोडण्याच्या किंवा बसण्याच्या त्याच हद्दीत चाक एक तृतीयांश जास्त चालतं. भार तोच, उंची तीच, चाल वाढलेली. जुन्या पिकअपचं सस्पेन्शन बांधणं म्हणतात ते हे.

आपल्याकडे हे काम करणारे लोक आहेत. ट्रकच्या प्रत्येक मोठ्या थांब्याजवळ पाट्यांचं दुकान असतं, कमान मारणारे कारागीर असतात, आणि त्यांच्या हातात पिढ्यांचं ज्ञान असतं. त्यांना शहरी ऑफ-रोडवाला विचारत नाही. तो परदेशी खोक्यातली किट मागवतो. हा अन्याय मला खुपतो. त्या कारागिराकडे जा, पण काही गोष्टी ठामपणे मागा. पट्टी कुठल्या पोलादाची आहे हे विचारा. ईएन 45 म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचं आणि ईएन 47 म्हणजे क्रोम-व्हॅनेडियमचं पोलाद, दोन्ही पाट्यांसाठीच आहेत. थंड पाट्याला घणाने ठोकून मारलेली कमान काही महिन्यांत बसते. गॅस टॉर्चने लाल करून वाकवलेलं पान तर त्या जागी आपला पाण्याचा कसच हरवून बसतं. कमान बदलायची तर पान भट्टीत नीट तापवून, तेलात विझवून, पुन्हा योग्य उष्णतेला उतरवलं पाहिजे. पानावर वेल्डिंगचा ठिपकाही पडता कामा नये. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती केसाएवढी भेग दिसली तरी ते पान बाद. यू-बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत, आणि नवे बसवल्यावर काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

बुशांकडे तर दुर्लक्ष ठरलेलंच. कित्येक जुन्या पिकअपमध्ये पाटे ठीक असतात. शॅकल गंजून जाम झालेला असतो, म्हणून दबताना पाट्याला लांब व्हायला वाट मिळत नाही आणि गाडी दगडासारखी आदळते. मालक म्हणतो पाटे कडक आहेत. नवे बुश, मोकळा शॅकल आणि पानांमध्ये ग्रीस एवढ्यावरच ती गाडी निम्मी सुधारते. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन पडलेलं असताना शेवटचे आवळायचे, हे सांगायला गॅरेजमध्ये कोणाला फुरसत नसते. मग जॅकवर आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंची वाढवायच्या स्वस्त युक्त्यांचा हिशेबही मांडून टाकतो. लांब शॅकल लावून ॲक्सलवर एक इंच मिळवायचा तर शॅकल दोन इंच लांब लागतो, कारण ॲक्सल पाट्याच्या मध्याशी आहे. जीपच्या घराण्यातल्या कित्येक गाड्यांत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर घटतो. मग गाडी सरळ रेषेत धावत नाही, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, आणि चालक दिवसभर गाडीशी झुंजत राहतो. पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर परत आणावा तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे राहिले नाहीत की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस खाऊन टाकतो. पुढच्या ॲक्सलवर लोखंडी ठोकळे घालणं हा तर सरळ अपघाताला दिलेला परवाना आहे, कारण ब्रेक मारल्यावर ॲक्सल त्या ठोकळ्याला तरफेसारखं वापरून पाट्याला पिळतो. जिथे पाटा मुळात ॲक्सलच्या खाली असतो तिथे तो वर घेण्याची स्प्रिंग-ओव्हर पद्धत लोकप्रिय आहे. तिने चाल टिकते, हे कबूल. पण जोर दिला की मऊ पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, म्हणून ट्रॅक्शन बार लागतो, ड्रॅग लिंकचा कोन सुधारायला स्टेअरिंगची पूर्ण जुळणी बदलावी लागते, ब्रेकचे होज लांब लागतात. हे सगळं करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. बहुतेक जण निम्म्यात थांबतात, आणि ती निम्मी गाडी रस्त्यावर येते.

एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती वेगळी सांगायलाच हवी. कित्येक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ भाराप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा ॲक्सल आणि चॅसिस यांतलं अंतर मोजतो: अंतर कमी म्हणजे माल भरलेला, मागचा ब्रेक जास्त, अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मागचा ब्रेक कमी. गाडी चार इंच उचलली आणि दांडा जुळवला नाही, तर व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायमची रिकामी. मग हौद्यात माल भरून घाट उतरताना मागची चाकं पुरेसा ब्रेक घेत नाहीत आणि सगळा बोजा पुढच्या लायनरवर येतो. आपल्या लिफ्ट किटबरोबर हा दांडा कोणी जुळवून दिला का, हे वाचकाने आजच गाडीखाली जाऊन बघावं.

शॉकअपबद्दल थोडक्यात. भारी कंपनीचा शॉकअप म्हणजे चांगला शॉकअप नव्हे. पाट्याच्या चालीशी त्याची लांबी जुळली पाहिजे: चाक पूर्ण वर आलं की रबरी बंप स्टॉप टेकला पाहिजे आणि शॉकअपमध्ये थोडी जागा उरली पाहिजे, चाक पूर्ण खाली गेलं तरी शॉकअप ताणून चाकाला लटकवणारा होता कामा नये. लिफ्ट करून जुनेच शॉकअप ठेवले तर ते खालची चाल तोडतात आणि शेवटी स्वतःच तुटतात.

दणकट चॅसिसच्या श्रद्धेला काय उत्तर द्यावं? जुनी चॅसिस जाड पत्र्याची असते हे खरं, पण जुनं पोलाद थकलेलंही असतं. कोकणच्या खाऱ्या हवेत हौद्याखालचे क्रॉस-मेंबर आतून गंजतात आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. सी आकाराच्या चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथे भोक पाडणं किंवा आडवं वेल्डिंग करणं म्हणजे भेगेला जागा नेमून देणं. भोक लागलंच तर उभ्या बाजूच्या मध्याजवळ. नवा हँगर लावायच्या जागेचा रंग खरवडून, हातोडीने ठोकून, आवाज ऐकून मगच पुढे जायचं. ज्या गॅरेजमध्ये हे न करता थेट वेल्डिंग सुरू होतं, तिथून गाडी परत आणावी.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाजोगे बदल करायला मनाई करतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आणलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी पुस्तकात पाट्यांचा रकाना नाही म्हणून पाट्यांना कायदा लागत नाही, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्याच्या भरवशावर राहणाऱ्यांनी अपघातानंतरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. समोरची व्यक्ती जखमी आहे, विमा कंपनीचा सर्वेअर गाडीखाली वाकला आहे, आणि त्याला सहा इंचांचे ठोकळे दिसताहेत.

कायदा हौशी माणसाला फार आवळतो, ही तक्रार मला काही अंशी पटते. तपासून मंजुरी देणारी सोपी व्यवस्था असती तर चांगले बांधणारे उजेडात आले असते आणि वाईट बांधणारे बाजूला पडले असते. ती मागणी करायलाच हवी. पण आजच्या घडीला प्रामाणिक मार्ग दोनच उरतात. रस्त्यावर चालवायची गाडी मूळ उंचीच्या, मूळ मापांच्या आत ठेवायची आणि तिचे पाटे, बुश, शॉकअप उत्तम स्थितीत आणायचे. त्याने ती आजच्यापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी जाईल. किंवा गाडी फक्त स्पर्धेसाठी बांधायची आणि ट्रेलरवर घालून न्यायची. 2014 साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या भारतीय स्पर्धेतल्या गाड्या दाखवून जे लिफ्टचं समर्थन करतात, त्यांनी त्या गाड्यांतला रोल केज, लॉकर आणि विंच बघावेत, आणि चिखलात उतरून दोर बांधणारा सहचालकही बघावा. तिथली उंची त्या सगळ्यासकट येते. ती एकटीच उचलून लोणावळ्याच्या वाटेवर आणता येत नाही.

विरोधकांचा शेवटचा आधार असतो तो 'पण उंच गाडी छान दिसते' हा. दिसत असेल. छान दिसण्यासाठी गाडी बांधायची असेल तर तसं सांगून बांधावी. तिला ऑफ-रोड सस्पेन्शन म्हणू नये, आणि नवख्याला ते नाव सांगून विकू नये.

ज्यांची जुनी पिकअप आज अंगणात उभी आहे त्यांना माझी विनंती आहे. किटची ऑर्डर द्यायच्या आधी गाडीचं एक चाक जाड फळ्यांवर किंवा रॅम्पवर चढवा. जॅक लावू नका, आणि बाकीची चाकं ओंडक्यांनी नीट अडवा. मग बाकीची तिन्ही चाकं जमिनीवर आहेत का ते बघा. त्यातलं एखादं हवेत असेल तर बुश, शॅकल आणि पाट्यांवर खर्च करा, डोंगरात टायरमधली हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा आणि हवा भरायचा पंप सोबत ठेवा. त्यानंतरही गाडी अडकली, तर कुठे अडकली ते लिहून ठेवा आणि तेवढंच सुधारा. गॅरेजवाल्यांना विनंती अशी की गिऱ्हाइकाला उंची विकण्याआधी चाकाची वरची आणि खालची चाल सेंटिमीटरमध्ये मोजून, कागदावर लिहून द्या. काम झाल्यावर पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला असेल तर पैसे घेऊ नका.